मचाणावरची रात्र : सामान किती, कोणते आणि कसे?

यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. येथून पांढरकवड्याच्या दिशेने निघाले की दोनेक तासांत टिपेश्वर अभयारण्य गाठता येते. १९९७ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. २०१९ मध्ये गळ्यात कॉलर असलेला एक तरुण वाघ येथूनच निघाला आणि १,३०० किलोमीटरहून अधिक पायपीट करून बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री येथील पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राण्यांची नोंद घेण्याचा उपक्रम वन विभाग राबवत आला आहे. त्यासाठी शहरातून जाणाऱ्यांच्या पाठीवरील पिशवीत काय असावे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

बंदुकीकडून वहीकडे

मचाण ही मुळात शिकारीची सोय होती. संस्थानिक आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या शिकारीत तंबू, खानसामे आणि हाकारे यांचा मोठा लवाजमा असे. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. याच कायद्यानुसार परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. तेथे धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे हाही गुन्हा आहे. वाघांची अधिकृत गणना आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते. त्यामुळे पाणवठ्यावरील नोंद ही आज प्रामुख्याने निसर्गानुभवाची संधी आहे.

वजनाचा हिशेब

अलास्कासारख्या प्रदेशात छोट्या विमानाने दुर्गम रानात उतरणाऱ्या शिकाऱ्यांचे सामान आधी तराजूवर चढते. दोन आसनी विमानात जादा किलोला जागा नसते आणि विसरलेली वस्तू परत आणता येत नाही. मचाणाचेही तसेच आहे. एकदा वन कर्मचाऱ्यांनी मचाणावर सोडले की सकाळपर्यंत खाली उतरता येत नाही. पाणी सोडून माणशी सहा-सात किलोंपेक्षा अधिक ओझे नसावे. शिडी चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून पिशवी मागाहून दोराने वर ओढून घ्यावी. आठ-दहा मीटर सुती दोर त्यासाठी पुरतो.

पाणी सर्वांत आधी

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्याचा पारा ४२ ते ४५ अंशांच्या घरात असतो. मचाणावर दुपारीच जाऊन बसावे लागते, त्यामुळे उन्हाचा खरा तडाखा तेथेच बसतो. माणशी किमान पाच लिटर पाणी न्यावे. कापडी छागल येथे प्लास्टिकच्या बाटलीपेक्षा सरस ठरते. तिच्यातून झिरपणारे पाणी वाफ होताना आतले पाणी गार ठेवते आणि रात्री ती कुरकुरत नाही. जलसंजीवनीची पाकिटे सोबत असावीत. ती नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण ध्यानात ठेवावे. चमचा चहाचा समजावा. डोके दुखणे, मळमळ, भोवळ ही उष्माघाताची पूर्वसूचना असू शकते. बोलण्यात असंबद्धता आली तर थांबू नये; अंग ओले करावे, वारा घालावा आणि वन कर्मचाऱ्यांना तत्काळ बोलवावे. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी हा बेत टाळलेला बरा.

कपडे आणि गंध

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि डोक्याला दुपट्टा हवा. रंग खाकी, मातकट किंवा शेवाळी असावा. हरिणांना लाल आणि हिरव्या रंगातील भेद फारसा कळत नाही, परंतु वानरांना आणि पक्ष्यांना तो कळतो. त्यांनी इशारा दिला की सारे रान सावध होते. पांढरा कपडा चांदण्यात उठून दिसतो. सळसळणारे नायलॉनचे जाकीट घरीच ठेवावे. अत्तर, सुवासिक तेल, तंबाखू आणि डासांची उदबत्तीही नको. उग्र वास व धूर यांनी आग्या मोहोळ उठण्याची भीती असते.

दुर्बीण आणि उजेड

दुर्बीण घेताना केवळ मोठेपणाचा आकडा पाहू नये. भिंगाच्या व्यासाला त्या आकड्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ८ बाय ४२ दुर्बिणीत ती सव्वापाच मिलिमीटर, तर १० बाय २५ मध्ये अवघी अडीच मिलिमीटर असते. चांदण्यात पहिली कामाला येते, दुसरी जवळजवळ निरुपयोगी ठरते. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधावा आणि उजेड फक्त वहीवर पाडावा, प्राण्यावर कधीही नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा. मोबाइलबाबत त्या वर्षीचे नियम प्रवेशद्वारावर विचारून घ्यावेत.

शिदोरी आणि इतर

दशमी, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे ही जुनी शिदोरी आजही उत्तम. ती उन्हात टिकते आणि खाताना आवाज होत नाही. चिवड्याची पुडी मात्र मध्यरात्री शत्रू ठरते. सर्व जिन्नस कागदाऐवजी फडक्यात बांधावेत. पातळ सतरंजी, एक चादर, वळिवाच्या सरीसाठी मेणकापड, लघवीसाठी रुंद तोंडाची झाकणाची बाटली, नेहमीची औषधे आणि मलमपट्टी एवढे पुरेसे आहे. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये; अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. नोंदीसाठी शिसपेन्सिल न्यावी. घामाने ओल्या झालेल्या कागदावर शाई पसरते. वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू हे रकाने घरीच आखावेत. जे दिसले तेच लिहावे. केवळ आवाज ऐकला असेल तर तसे नमूद करावे.

सर्वांत महत्त्वाचे सामान

उन्हाळ्यात पाणवठे मोजकेच उरतात. दिवसभर तापलेले जनावर मैलभर चालत काठाशी येते आणि एका खोकल्याने, पिशवीच्या चेनच्या एका आवाजाने तहानलेलेच परत फिरते. हौशी माणसाची रात्र वाया गेली तर तो पुढच्या वर्षी येऊ शकतो. सांबराच्या पिल्लाला दुसरा पाणवठा जवळ असेलच असे नाही. खोकल्याची गोळी म्हणूनच औषधाच्या पिशवीत नव्हे, खिशात हवी. आणि सकाळी खाली उतरताना नेलेली प्रत्येक वस्तू, फळाच्या सालीसकट, मोजून परत आणावी.