उंचीची भीती आणि खोटा पूल

जर्मन कवी गटे १७७०-७१ मध्ये स्ट्रासबुर्गला शिकत होता. उंचीची भीती घालवायला हा पठ्ठ्या तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर पुन:पुन्हा चढायचा. उपाय रामबाण... पण पहिल्याच दिवशी मनोरा चढायला तयार कोण होणार?

अटलांटात एमरी विद्यापीठाच्या बार्बरा रॉथबॉम आणि जॉर्जिया टेकचे लॅरी हॉजेस यांनी उंचीच कॉम्प्युटरमध्ये बांधली. डोक्यावर हेल्मेट चढवलं की समोर काचेची लिफ्ट, बाल्कन्या, पाण्यावर ७, ५० आणि ८० मीटर उंचीचे पूल. पायरीपायरीने वर जायचं. ग्राफिक्स म्हणाल तर अगदीच बाळबोध! तरी विद्यार्थ्यांना घाम फुटायचा, गुडघे लटपटायचे.

खरं सांगू, मला आधी हे पटलं नव्हतं. टेस्ट सर्व्हरवर पळणारा कोड प्रॉडक्शनला झोपतो, हे आपण रोज बघतो. खोट्या पुलावरची हिंमत खऱ्या पुलावर टिकणार का? पण १९९५ साली छापून आलेल्या त्यांच्या पेपरात एक गंमत आहे. उपचार पूर्ण केलेल्या १० जणांपैकी ७ जण, कोणी सांगितलेलं नसताना, आपणहून खऱ्या उंच जागी जाऊन आले होते.

२०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या १०० जणांवरच्या प्रयोगात तर थेरपिस्टसुद्धा कॉम्प्युटरमधलाच होता. उपचार घेणाऱ्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी उतरली. आकडा दणदणीत आहे, पण मला ते सात जणच जास्त पटतात.