आप्त कोण? अरुणा शानबाग प्रकरण आणि जीवनान्तीचा निर्णय

जीवनान्तीच्या उपचारांविषयीच्या भारतीय कायद्याची जडणघडण अभ्यासताना मुंबईच्या केईएम रुग्णालयापासून आरंभ करावा लागतो. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. पुढे सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली.

लेखिका पिंकी विराणी यांची याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने अरुणा यांचे निकटवर्ती म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच मान्यता दिली. आप्तपण रक्तावर नव्हे, तर सेवेवर ठरले. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवरक्षक उपचार थांबविण्याची वाटही खुली केली. १८ मे २०१५ रोजी अरुणा यांचे निधन झाले.

प्रश्न मात्र उरला : स्वतः अरुणा यांची इच्छा काय होती? ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता देऊन असा प्रश्न इतरांवर सोपविण्याची वेळ येऊ नये, अशी सोय केली. परंतु त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वाक्षरी आवश्यक होती. जानेवारी २०२३ मध्ये नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरले.

या वाटचालीत निर्णयाची कार्यपद्धती घडली. मागे राहणाऱ्यांच्या शोकाचा विचार मात्र अल्पच झाला. रुग्णाची इच्छा अज्ञात असेल, तर आप्तांच्या शोकास अपराधभावाची जोड मिळते. म्हणूनच इच्छापत्र हा केवळ कायदेशीर दस्तऐवज न राहता आप्तांशी वेळीच झालेला संवाद ठरावा, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.