आण्यावरचा बैल

आर्णीच्या बसस्टँडवर तुम्ही उभे आहात. समोरून नागपूर-तुळजापूर महामार्गाचे ट्रक एकामागून एक चाललेत, आणि शेजारी दोन पोरं शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दोन फलकांपुढे वाद घालताहेत. रविवार एक, पट दोन, मोटरसायकल एक. पेट्रोल कोणी टाकायचं, इथे घोडं अडलंय. तुम्ही हसून मान वळवता आणि पायाखालचं डांबर निघून जातं.

पायाला फुफाटा लागतो. दिव्यांच्या जागी दोन पेट्रोमॅक्स फुरफुरताहेत. वासावरून काळ ओळखायचा तर सरकी, शेण, बिडी आणि कढईतलं तापून काळं झालेलं तेल, आणि या सगळ्यांवरून दर्ग्याकडून तरंगत आलेला लोबान. बाबा कंबलपोषांची जत्रा भरली आहे. अरुणावती पात्रात पसरून पडली आहे. वर दिग्रसजवळ तिला अडवणारं धरण अजून झालेलं नाही. वाळूत गाड्या सोडलेल्या, बैल रवंथ करताहेत, जूं टेकून ठेवलेली. साल १९५८, फेब्रुवारीतली शनिवारची संध्याकाळ.

तुमचे बूट पाहून कोणीतरी तुम्हाला ब्लॉकाच्या हापिसातला माणूस ठरवतं, त्यामुळे बाकावर जागा मिळते. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, एक ताडपत्री आणि चुलीवरचं पातेलं. इथे कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. मास्तर आहेत, दाजी आहे, एक तरणा भाऊ आहे आणि कोपऱ्यात मुंडासं मांडीवर ठेवून बसलेले आबा. चार नातवंडं आबांच्या धोतराला लोंबकळताहेत. विषय तोच, जो तुम्ही आत्ता बसस्टँडवर सोडून आलात.

"दोन्हीकडे जोडी पयवतं का?" दाजी विचारतो.

उद्या सकाळी इथे नदीकाठी पट आहे आणि दुपारी पलीकडच्या गावी दुसरा. भाऊच्या घरी पटाची जोडी आहे. वर्षभर त्यांना नांगर माहीत नाही; सरकी, ढेप, उडदाचं पीठ, घरच्या लेकरांना मिळत नसेल इतकं तूप. भाऊचा हिशेब सरळ आहे. एका दिवसात दोन इनामांची संधी, प्रवेशाची फी मात्र दोनदा भरायची.

"पयवतो," भाऊ म्हणतो. "सकायी येक, दुपारी येक."

"बैल हाये तो, मोटार नाही," कोपऱ्यातून आबा. तेवढंच. पण सगळं हॉटेल आबांकडे वळतं, आणि तुमच्या लक्षात येतं की इथे शेवटचा शब्द कोणाचा असतो.

मग वाद दूध उतू जावं तसा पसरतो. गवळाऊ बैल हलका, एका दमात वारा होतो, पण दुसऱ्या दमाचा भरवसा नाही. सकाळी पळालेल्या बैलाला पाणी किती पाजायचं. छकडीला नवा आख घातलाय तो चालेल का. छकडी हाकणारा धुरकरी कोण, कारण जोडी कितीही देखणी असली तरी धुरकऱ्याचा हात चुकला की बैल पटाबाहेर आणि माणसं खाली. मास्तर शाळेतलं खेळाच्या तासाचं घड्याळ घेऊन उद्या शेवटच्या खुणेपाशी बसणार आहेत. मागल्या साली त्यांनी एका जोडीला अर्धा सेकंद जास्त लावला, असं दाजीचं ठाम मत आहे. वर्ष उलटलं तरी तो अर्धा सेकंद दाजीच्या घशाखाली उतरलेला नाही.

हे सगळं याच दिवसांत का, असा प्रश्न तुम्हाला पडतो आणि उत्तर तुमच्यासमोरून खडखडत जातं. कापसाने भरलेल्या गाड्या जिनाकडे चालल्यात. खरीप निघालं, बैल मोकळे झाले, कापसाचा पैसा हातात आला किंवा येऊ घातला. तो सावकाराकडे पोचण्याआधी मधले जे थोडे दिवस असतात, त्यांत पट बसतात, जत्रा बसते, लग्नं ठरतात. या मुलखाचा सण पंचांगावर जितका चालतो, तितकाच वेचणीवर.

आता तिकिटाचा विषय निघतो. खरं सांगायचं तर मला तुम्हाला इथे आणायचं होतं ते याच्यासाठी.

जत्रेत मौत का कुआ आलाय. लाकडी फळ्यांची उभी गोल भिंत, आत मोटारसायकल, वर कठड्याला टेकून बघणारे. उद्या पट संपल्यावर मोठी गर्दी येणार म्हणून मालकाने आज भोंग्यातून जाहीर केलंय : एका तिकिटात दोन खेळ, आधी कुआ, मग शेजारच्या कनातीत जादूचे प्रयोग. मोठ्या माणसाचं तिकीट काल तीन आणे होतं. आज पाटीवर लिहिलंय, वीस नये पैसे.

"तीन आन्याचे वीस कसे होते बे?"

दहा महिन्यांपूर्वी, १ एप्रिल १९५७ ला, रुपयाचे शंभर नये पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे होते. चार आण्यांना पंचवीस, हे सुटसुटीत. पण एका आण्याचे सव्वासहा होतात आणि सव्वासहा पैसे कोणी टांकसाळीत पाडत नाही. म्हणून सरकारने तक्ता काढला. एक आणा म्हणजे सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. मास्तरांना तो पाठ आहे. ते तो अडीचकीच्या चालीवर म्हणूनही दाखवतात.

"म्हन्जे एकोनीस. मंग वीस कायचे घेते थो?"

"वरचा येक करमणुकीच्या कराचा म्हन्ते."

"कर तिकिटातच असते," मास्तर म्हणतात. मध्य प्रांत-वऱ्हाडातला करमणूक कराचा कायदा १९३६ चा आहे. प्रवेशाला पैसे घेतले की सरकारचा वाटा आलाच. कुआवाला तो आजवर तीन आण्यांत भरतच होता. एक नया पैसा त्याने निव्वळ गोंधळाच्या जिवावर वर लावला आहे.

एका पैशावर घटका जाते. तुम्हाला हसू येईल, पण जरा थांबा आणि आबांचा हिशेब ऐका. बाकावर बोट आपटत ते बोलतात.

"चार मोठे मानसं गेले तं तीन-तीन आने, बारा आने. म्हन्जे पंच्याहत्तर. पन एकेक तिकीट काढलं तं एकोनीस चोक शहात्तर. येक पैसा गेला. आता पोट्टे पाहा. दोन आने तिकीट, बारा पैसे. चार पोट्टे संगं धरले तं आठ आने, पन्नास. येकेक काढलं तं बारा चोक अठ्ठेचाळीस. दोन पैसे वाचले."

हॉटेल गप्प होतं. मास्तर ओठ हलवून पडताळून पाहतात. बरोबर आहे. मोठ्यांनी एकत्र, पोरांनी वेगवेगळं. सरकारी तक्त्याच्या फटीतून आबांनी दोन नये पैसे ओढून काढलेत. अक्षरओळख नसलेल्या माणसाचा हा हिशेब पाहून तुम्ही खिशातल्या मोबाइलला नकळत हात लावता. तो तिथे नसतो.

तुम्हाला सांगावंसं वाटतं की हे भांडण फक्त आर्णीचं नाही. इंग्लंडात १९ फेब्रुवारी १९२८ ला हाय बीच इथे स्पीडवेची पहिली मोठी शर्यत झाली. मातीचा अंडाकार रस्ता, चार स्वार, चार फेऱ्या आणि ब्रेकच नसलेल्या मोटारसायकली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे गर्दीचा पूर लोटला आणि मग करमणूक कराच्या ओझ्याखाली मैदानं बंद पडू लागली. तो कर तिथे उठला १९५७ साली, म्हणजे इथे आणा गेला त्याच वर्षी. तिथले शौकीन आजही एका तिकिटात दोन सामने लावले की तासन् तास वाद घालतात : दोन सामने मिळाले म्हणून खूश व्हायचं, की आपल्या संघाच्या फेऱ्या कमी झाल्या म्हणून चिडायचं? दाजीला हे पटकन समजलं असतं. तुम्ही बोलत नाही, कारण ब्लॉकाच्या माणसाला इतकं माहीत असणं संशयास्पद आहे.

तेवढ्यात भाऊला एक कल्पना सुचते. "पटाले बी दोरी बांधून तिकीट लावलं तं? दोन आने. इनाम वाढंल."

त्याच्याकडे सगळे अशा नजरेने पाहतात की जणू त्याने आईच्या हातच्या भाकरीचा भाव विचारला.

"पटाले तिकीट? मंग पोळ्याले बी लाव!"

"तिकीट लावलं की कराचा मानूस दारात," मास्तर म्हणतात. पण खरं कारण ते नाही, हे त्यांनाही कळतं. कुव्यात जीव टांगणारा स्वार परक्या मुलखातला. त्याच्या जिवाचे तीन आणे द्यायला कोणाची ना नाही. पटात पळतो तो ओळखीचा बैल. त्याचा बाप कोणाच्या गोठ्यातला, त्याची मावशी कोणत्या जत्रेत विकली गेली, हे बघणाऱ्याला ठाऊक असतं. तिथे फी पळवणारा भरतो, बघणारा फुकट बघतो आणि शिवाय अक्कल शिकवतो. मला विचाराल तर या फुकट्या बघ्यांइतका कडक परीक्षक कुठल्याच तिकिटाने आणता आला नसता.

अर्थात तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी या बाकावर कोणाकडेच नाही. पुढची वर्षं. भाऊच्या मांडीशी टेकलेली तुतारी तुम्हाला दिसते. वाजवायची नव्हे, टोकाला लोखंडी आर असलेली काठी. बाहेर बांधलेल्या एका बैलाच्या पुठ्ठ्यावर वाळलेल्या टिकल्या आहेत, आणि त्या चिखलाच्या नाहीत. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालय जल्लीकट्टूबरोबर या शर्यतीही बंद करील. महाराष्ट्र २०१७ मध्ये कायदा बदलेल, तोही न्यायालयात अडकेल. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळेल आणि १८ मे २०२३ ला घटनापीठ त्यावर शिक्का उठवील. मधली वर्षं लोक सरकारच्या नावाने बोटं मोडतील. मोडू देत. त्या टिकल्या पाहिल्यावर बंदी घालणारे सगळेच शहरी अडाणी होते, असं तुम्हाला म्हणवणार नाही. आणि आबांचं "बैल हाये तो" हे वाक्य एकाही निकालपत्राच्या आधीचं आहे, हेही तुम्ही विसरणार नाही.

पातेल्यात पुन्हा पाणी पडतं. बोलणं राज्यावर जातं. सव्वा वर्षापूर्वीपर्यंत इथली राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई. पुसदचे वसंतराव नाईक तिकडे मंत्री आहेत, एवढा काय तो ओळखीचा चेहरा.

"राजधानी मुंबईले गेली, आने दिल्लीले गेले," दाजी म्हणतो. "आपल्याकडं ऱ्हायलं काय?"

आबा कनवटीतून एक नाणं काढून बाकावर ठेवतात. दोन आण्याचं, चौकोनी, कोपरे गोल. पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्यावरचा बैल उभा राहतो. १९५० साली प्रजासत्ताकाची पहिली नाणी निघाली तेव्हा अर्ध्या आण्यावर, एक आण्यावर, दोन आण्यावर हा बैल होता. पैशावर घोडा, पावलीवर कणसं. मग आबा त्याच्या शेजारी एक नवं नाणं ठेवतात. दोन नये पैसे, कातरलेल्या कडांचं, गुळगुळीत. त्यावर आकडा आहे, अक्षरं आहेत.

"याच्यावर बैल कुठं हाये?" ते मास्तरांना विचारतात.

मास्तरांकडे तक्ता आहे, पण याचं उत्तर त्यात नाही.

भोंगा ओरडू लागतो. पोरं धोतर ओढतात. आबा उठतात आणि तुम्हालाही हाताने उठवतात. कुव्याच्या खिडकीशी चारही नातवंडांना ते एकामागे एक उभं करतात, स्वतः बाजूला होतात. प्रत्येक पोर बारा पैसे ठेवतं आणि तिकीट घेतं. खिडकीतला माणूस तिसऱ्या पोरापाशी डाव ओळखतो, पण रांग लांब आहे आणि मागून शिव्या येताहेत. तुम्ही खिशात हात घालता तर तिथे दहा रुपयांचं दोन रंगांचं नाणं. तुम्ही ते तसंच मुठीत दाबता. आबांनी तुमचं तिकीट आधीच काढलंय. मात्र वीस पैसे देऊन नव्हे. एकोणीसच दिलेत आणि खिडकीतल्या माणसाकडे तो नजर खाली घालेपर्यंत बघत राहिलेत.

लाकडी जिना तुमच्या वजनाने करकरतो. वर कठड्यापाशी पोरं मधोमध घुसतात. खाली तळाशी एक किरकोळ माणूस उभा आहे, अंगात मळका कोट, डोक्यावर काही नाही. गाडी जुनी आहे, बहुधा लष्कराच्या लिलावातली. तो किक मारतो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती पेटते आणि धूर सरळ तुमच्या तोंडावर येतो. आधी तळाशी गोल, मग तिरप्या फळ्यांवर, मग अचानक उभ्या भिंतीवर आडवा. वेग त्याला भिंतीवर दाबून धरतो, चाकाचं घर्षण त्याला पडू देत नाही. वेग मंदावला की दोन्ही गेलं. सगळा कुआ थरथरतोय. फळ्यांचे खिळे तुमच्या तळव्यांना जाणवतात. धाकटी नात आबांच्या खांद्यात तोंड लपवते आणि एका डोळ्याने बघते.

स्वार हात सोडतो. वरून कोणी रुपयाची नोट धरतो, ती जाता जाता तो उचलतो. गर्दी ओरडते. दाजीही कठड्यावर वाकून हात लांब करतो, त्याच्या बोटांत एक एकटा नया पैसा, बहुधा तोच भांडणाचा. स्वार त्याच्याकडे बघतही नाही.

आबा कनवट चाचपतात. बैल जागेवर आहे. ते तुमच्या कानाशी तोंड आणून उद्याच्या पटाची वेळ सांगतात. इंजिनाच्या आवाजात तुम्हाला "सकायी" एवढंच ऐकू येतं.