जांबचे दोन भाऊ आणि एका ग्रंथाची वाट

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. आज ते जांबसमर्थ म्हणून ओळखले जाते. सतराव्या शतकाच्या आरंभी येथे सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या घरी दोन मुलगे वाढले. थोरला गंगाधर आणि धाकटा नारायण. दोघेही रामाचे उपासक आणि दोघेही ग्रंथकार. थोरल्याने ‘भक्तिरहस्य’ आणि ‘सुलभोपाय’ लिहिले. धाकट्याने ‘दासबोध’ लिहिला.

यांतले कोणते नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते, हे सांगावे लागत नाही. घर एक, संस्कार एक, दैवत एक. तरीही एका भावाचा ग्रंथ तंजावरपर्यंत पोचला आणि दुसऱ्याचे ग्रंथ अभ्यासकांच्या कपाटात राहिले. हे कसे घडले?

‘रामदासांची प्रतिभा मोठी होती’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. चांगले लिहिलेले आपोआप सर्वांपर्यंत पोचते, ही समजूत इतिहासात फारशी टिकत नाही. मराठी मुद्रणाचे युग सुरू होण्यापूर्वीच्या त्या काळात कोणताही ग्रंथ जिवंत राहण्याची अट एकच होती. कुणीतरी बसून तो पुन्हा हाताने उतरवून घेतला पाहिजे. ज्याची नक्कल होई तो पसरे. ज्याची होत नसे, तो वाळवीच्या आणि पावसाच्या स्वाधीन होई.

म्हणजे खरा प्रश्न असा, की लोकांना एखादा मजकूर उतरवून घ्यावासा का वाटतो, आणि तसे वाटले तरी तो त्यांच्या हाती पडतो कसा?

पहिल्या भागाचे उत्तर दासबोधातच आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयी आहे. अध्यात्माच्या ग्रंथात एक अख्खा समास हस्ताक्षर, शाई आणि कागद यांना दिलेला पाहून आजचा वाचक थबकतो. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे आणि काळेभोर हवे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. तरुणपणी डोळे चांगले असतात म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामास येत नाही. चारी बाजूंनी जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. देशोदेशीचे बोरू जमवावेत, हिंगूळ संग्रही ठेवावा, पोथीला मेणकापडाचे वेष्टन, पेटी आणि कुलूप असावे. आणि ग्रंथ असा लिहावा, की पाहणाऱ्याला हेवा वाटावा आणि हे लिहिणारा माणूस एकदा पाहिला पाहिजे, असे लोकांनी म्हणावे.

ही केवळ सुलेखनाची आवड नव्हे. पोथी पाहताक्षणी हातात घ्यावीशी वाटली पाहिजे, वाचणाऱ्याचे डोळे दुखता कामा नयेत, आणि तिने लिहिणाऱ्यापेक्षा जास्त जगले पाहिजे, हा हिशेब त्यामागे आहे. कडा आधी झडतात हे ठाऊक असलेला माणूस पन्नास-शंभर वर्षांनंतरच्या नक्कलकाराचा विचार करतो आहे.

त्याच ग्रंथाच्या चौदाव्या दशकात कवित्वाचे तीन प्रकार सांगितले आहेत : ढीट, पाठ आणि प्रसादिक. मनात आले ते बळेच रचले, ते ढीट. बरेच ग्रंथ पाहून त्यांच्यासारखेच आपणही रचले, ते पाठ. पाठ कवित्वावरचा हा शेरा साडेतीनशे वर्षांत जुना झालेला नाही.

आता दुसरा भाग : हाती पडणे. नारायण बाराव्या वर्षी घर सोडून निघाला, असे परंपरा सांगते. नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे साधना, त्यानंतर बारा वर्षे देशाटन आणि १६४४च्या सुमारास कृष्णाकाठी मुक्काम, असा चरित्राचा क्रम लावला जातो. पुढच्या दहा-एक वर्षांत शहापूर, मसूर, उंब्रज, शिराळा, बहे-बोरगाव अशा ठिकाणी अकरा मारुती उभे राहिले. १६४८मध्ये चाफळला रामनवमीचा उत्सव सुरू झाला. मारुतीचे देऊळ म्हणजे गावात लोक जमण्याची हक्काची जागा, आणि उत्सव म्हणजे जमण्याचा ठरलेला दिवस. जेथे लोक ठरावीक वेळी पुन्हा पुन्हा येतात, तेथे म्हटलेली गोष्ट एकदाच ऐकली जात नाही.

त्यावर मठांचे जाळे विणले गेले. कल्याणस्वामी सीना नदीकाठी डोमगावला राहिले, वेणाबाई मिरजेस, उद्धवस्वामी टाकळीस, दिनकरस्वामी तिसगावास आणि भीमस्वामी थेट तंजावरास. बालविधवा वेणाबाईंना कीर्तनाचा अधिकार होता आणि मिरजेचा मठ त्यांच्या नावाने ओळखला जातो, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. महंताने आणखी महंत तयार करावेत, असे दासबोध सांगतो. प्रत्येक मठात ग्रंथाची प्रत हवी, तेथून निघणाऱ्या शिष्याला आणखी एक हवी. एका ठिकाणची प्रत जळाली वा बुडाली, तरी ग्रंथ बुडत नाही.

भिक्षेचा विचारही याच अंगाने पाहण्यासारखा आहे. गाव असो वा नगर, घरोघर जावे आणि भिक्षेच्या निमित्ताने लहानथोर माणसे पारखावीत, असा उपदेश दासबोधात आहे. दारात उभा राहणारा रामदासी धान्य घेऊन जाई, तसा काहीतरी म्हणूनही जाई. ‘मनाचे श्लोक’ संख्येने २०५, सारे भुजंगप्रयात वृत्तात. हे वृत्त पावलांच्या ठेक्यावर चालते. चार ओळींत श्लोक पुरा होतो आणि दुसऱ्या दाराशी दुसरा सुरू करता येतो. दासबोधाचा पसारा वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा, तो ऐकायला बैठक लागते. श्लोकाला उंबरठा पुरतो. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत रामदास पोचले ते बहुधा या दुसऱ्या वाटेने. ही मर्यादा नोंदवायलाच हवी, कारण लेखनक्रियेचा समास ब्राह्मणाला उद्देशून सुरू होतो आणि पोथ्या उतरवणारे हात समाजाच्या एका लहान थरातलेच होते.

मठांवाचून काही पसरतच नसे, असे मात्र नाही. देहूच्या तुकोबांनी मठ स्थापन केले नाहीत. त्यांचे अभंग टाळकऱ्यांच्या गळ्यातून आणि पंढरीच्या वाटेवरून गेले. वारी हेही एक जाळेच होते, फक्त त्याला भिंती नव्हत्या.

उलट, केवळ यंत्र हाताशी असून भागत नाही, याचा दाखला त्याच शतकात गोव्यात मिळतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. दासबोध छापखान्यात जाण्याच्या किती तरी आधी हा मराठी ग्रंथ छापून तयार होता. पुढे १६८४मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ख्रिस्तपुराण वाचले ते भाविकांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे, आणि १९०७मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. यंत्राने जे टिकवले नाही, ते हाताने टिकवले.

दासबोधाच्या नशिबी दुसरी लाट आली ती इंग्रजी अमदानीत. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि मठामठांतून बाडे, पोथ्या, पत्रे गोळा करण्याचा ध्यास घेतला. डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातची प्रत मिळवून १९०५मध्ये त्यांनी दासबोध छापला. सभेने जमवलेला हस्तलिखितांचा साठा धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहे. कडा सोडून, ठसठशीत अक्षरात लिहिण्याचा आग्रह अडीच शतकांनंतर अशा रीतीने कामी आला.

प्रसिद्धीची दुसरी बाजूही आहे. नाव जितके मोठे, तितके त्याला दुसऱ्याचे लिखाण चिकटते. नक्कलकाराला एखाद्या पदाचा कर्ता ठाऊक नसला, तर तो ओळखीचे नाव लिहून मोकळा होई. शिवाय रामदासांविषयी वाद पेटला, तोही त्यांचे नाव सर्वतोमुखी होते म्हणून. शिवाजी महाराजांशी त्यांची पहिली भेट १६४९मध्ये झाली की १६७२मध्ये, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांनी हिरिरीने लेखण्या झिजवल्या. ज्याला कुणी ओळखत नाही, त्याच्या भेटीची तारीख कोण शोधणार?

आणि थोरला भाऊ? गंगाधरपंतांना संप्रदायात ‘श्रेष्ठ’ म्हणतात. ते जांबलाच राहिले, घर आणि घरचा देव सांभाळला, आईचे म्हातारपण पाहिले. शिष्यांचे जाळे त्यांनी विणले नाही, भिक्षेच्या वाटा आखल्या नाहीत. धाकटा जगभर हिंडू शकला, याचे एक कारण थोरला घरी होता हेही असावे. त्यांची नाममुद्रा ‘रामीरामदास’ मानली जाते. या मुद्रेतही ‘रामदास’ आहेच. त्यामुळे त्या नावाचे एखादे पद समोर आले, की वाचणारा ते सहजच धाकट्याच्या नावावर जमा करतो. ‘भक्तिरहस्य’ आणि ‘सुलभोपाय’ ही नावे समर्थांच्या चरित्रात येतात, पहिल्या काही पानांत, थोरल्या भावाची ओळख करून देण्यापुरती.