कर्मचारी कल्याण समिती

कर्मचारी कल्याण समिती : कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना अडीअडचणीत साहाय्य मिळावे म्हणून व्यवस्थापन व कर्मचारी यांच्या प्रतिनिधींनी मिळून चालवलेली समिती. भारतात तिचे मूळ व्हिटली आयोगाने 1931 मध्ये शिफारस केलेल्या कार्यसमित्यांत आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मधील कलम 3 नुसार 100 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत कार्यसमिती नेमण्याचा आदेश शासनाला देता येई. कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत, हे बंधन होते (पहा : औद्योगिक संबंध).

हे बंधनच समितीचा कणा होय. कारखाने अधिनियम, 1948 ने 500 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी आवश्यक केला. पण तो मालकाच्या पगारावर असल्याने कर्ज, व्यसन वा घरचा ताण त्याच्यापुढे मांडताना कामगार कचरतो. समितीमुळे कामगार संघटना दुबळी होते, हा आक्षेप निराधार नाही. म्हणून वेतनाची वाटाघाट संघटनेकडेच राहावी आणि समितीने रात्रपाळीला गरम जेवण मिळते का, पाळणाघर उघडे असते का, हे पाहावे. सहकाऱ्यांकडून गोष्टी फुटतात, ही भीतीही खरी. त्यावर उपाय एकच : व्यक्तीचे प्रकरण बाहेरच्या समुपदेशकाकडे जावे, समितीपुढे नावाविना केवळ संख्या यावी. महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी मात्र 2013 च्या अधिनियमाखालील अंतर्गत समितीकडेच जातात (पहा : कामगार कल्याण).