लंडनचं गटार आणि थेम्सकडे उघडणारी दारं

आजचा एपिसोड जरा घाण वासाचा आहे. जेवताना ऐकत असाल तर पॉज करा, नंतर ऐका.

साल 1858, लंडन. कडक उन्हाळा. ब्रिटिश संसद थेम्स नदीच्या अगदी काठावर. नदीला एवढी दुर्गंधी सुटली, की संसदेचे पडदे ब्लीचिंग पावडरसारख्या द्रावणात भिजवून टांगावे लागले. इतिहासात याला 'द ग्रेट स्टिंक' म्हणतात.

हे झालं कसं? आधी मैला घराखालच्या खड्ड्यांत साठायचा. मग फ्लशचे संडास आले, खड्डे भरून वाहायला लागले, आणि सरकारी हुकमाने घरं गटारांना जोडली गेली. गटारं थेट नदीत! अनेकांच्या घरी प्यायलाही त्याच नदीचं पाणी. 1853-54 च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये 10 हजारांवर माणसं गेली, तरी मोठी योजना कागदावरच राहिली. पण वास संसदेत शिरला आणि काही आठवड्यांत कायदा पास!

काम मिळालं जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरला. त्याने नदीला समांतर जाणारी 130 किलोमीटरची मोठी विटांची गटारं बांधली. शहराचा मैला पूर्वेला, पार शहराबाहेर नेऊन ओहोटीबरोबर नदीत सोडायचा, अशी ही योजना. लंडनचा कॉलरा थांबला, त्यात या गटारांचा मोठा वाटा आहे.

पण मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. पावसाचं पाणी आणि मैला, दोन्ही एकाच गटारात होतं. जोराचा पाऊस झाला तर गटार तुंबणार आणि घाण उलटी लोकांच्या घरात येणार. म्हणून बॅझलजेटने मुद्दाम नदीकडे तोंडं ठेवली. जास्तीचं पाणी मैल्यासकट नदीत जाऊ दे, घरं वाचू देत. म्हणजे हा ओव्हरफ्लो म्हणजे बिघाड नव्हता, ती सोय होती. क्वचित लागणारी.

पुढे शहर वाढत गेलं. जिथे माती पाणी मुरवायची तिथे डांबर आणि काँक्रीट आलं. बॅझलजेटने हिशेब धरला होता सुमारे 40 लाख माणसांचा, आज लंडनमध्ये जवळपास 90 लाख राहतात. एकविसाव्या शतकात ही तोंडं सरासरी आठवड्याला एकदा वाहायला लागली, थोड्याशा पावसातही.

नदीत नेमकं काय होतं? मैला कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन खाऊन टाकतात. मासे अक्षरशः गुदमरतात. ऑगस्ट 2004 मध्ये एका मोठ्या पावसानंतर थेम्समध्ये हजारो मासे मेले. शिवाय रोगजंतू येतात ते वेगळेच, म्हणजे वल्हवणाऱ्यांना, पोहणाऱ्यांना धोका.

शेवटी लंडनने नदीखालून 25 किलोमीटरचा बोगदा खणला, जवळपास तीन बसच्या एकत्रित रुंदीएवढा रुंद. 2025 मध्ये तो पूर्ण जोडला गेला. खर्च साडेचार अब्ज पौंडांच्या आसपास, आणि तो वसूल होतोय लोकांच्या पाणीबिलातून. दीडशे वर्षं नदीच्या नावावर टाकलेली उधारी आत्ताची पिढी फेडतेय.

पुढच्या पावसात पुलावरून जाल तेव्हा काठाकडे एक नजर टाका. कुठला पाईप वाहतोय, आणि काय वाहतंय? दिसलं तर कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!