औषध तेच, वेळ निराळी

साथींचा इतिहास आपण मृतांच्या आकड्यांनी मोजतो. तो दिवसांनीही मोजावा, असे आम्हांस वाटते. जानेवारी २०२० मध्ये वूहानच्या डॉक्टरांनी ४१ करोनारुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्ण साधारणतः आजाराच्या सातव्या दिवशी रुग्णालयात येत. ज्यांचे दुखणे बळावे, त्यांना आठव्या दिवसाच्या सुमारास धाप लागे आणि नवव्याच्या सुमारास फुप्फुसे हार खाऊ लागत. प्रारंभी विषाणूचा जोर. पुढे शरीराचा प्रतिकारच अनावर होई. म्हणूनच जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. प्राणवायू न लागणाऱ्यांस मात्र लाभ झाला नाही. तरीही २०२१ च्या लाटेत आपल्यापैकी अनेकांनी ते पहिल्याच दिवसांत घेतले. औषधाइतकीच तिथीही पाहावी, हे आपण विसरलो.